डब्यातला गवई

या, माउलींनो, थोडं पुढे सरका. एका बोटाच्या पेराएवढ्या जिवाची कथा ऐकवायची आहे.

मलेशियातल्या डोंगरावर, शेवाळलेल्या ओढ्याकाठी बेडकांची अभ्यासक हेमांगी गुडघे टेकून बसली होती, आणि मनातून पार वैतागली होती. समोरचा डबा बेडकाच्या आवाजात गात होता. हा इवला भेक संपत चालला, माद्या नरांपर्यंत पोचेनात, म्हणून माद्यांना इकडे बोलवायला तिनेच या डब्यातल्या यंत्राला त्याचं गाणं शिकवलं होतं. यंत्र दिवसेंदिवस गोड गाऊ लागलं आणि खरे नर गप्प झाले. आता एकच नर उरला होता, पानाखाली दबून. आज मादी आली, ती थेट डब्यावर जाऊन बसली.

"सून आली, पण लोखंडाच्या घरी!" हेमांगी कडवट हसली.

"हसू नका, बाई," तिचा कामातला जोडीदार बाह लुई दचकून म्हणाला. तो याच डोंगरातला, सेमाई आदिवासींतला. "जनावराला हसलं की आमच्याकडे वादळ उठतं."

"उठू दे! निदान हा डबा तरी बंद पडेल." तिने वायरच उपटली.

"अहो, ऑफिसवाले ओरडतील!"

"ओरडू देत."

जंगल शांत झालं. बऱ्याच वेळाने पानाखालून एक घोगरी हाक आली.

"वळ ना गं बाई," हेमांगी पुटपुटली, "तुझाच आहे तो."

मादी वळली नाही. गार डब्याला पोट चिकटवून ती पुढच्या गाण्याची वाट बघत राहिली. नर पुन्हा गायला. पुन्हा गायला.

तर माउलींनो, कीर्तनात कधी बुवांचा घसा बसला, तर डब्यातल्या गोड गाण्याकडे उठून जाऊ नका. पानाखालच्या त्या गवयाची तेवढी आठवण ठेवा.