हळू झालेली गाडी

“सर, तुमच्या सिनेमात काहीच का घडत नाही?”

स्वरदानं माईक हातात घट्ट धरून विचारलं आणि शाळेचा भरलेला हॉल खो खो हसला. पैज भेळेची होती. सुप्रिया आणि सृष्टी या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, तू कसली विचारतेस, तुझे पाय लटपटतील. लटपटले? अजिबात नाही. वक्तृत्वात पहिली आल्यापासून माईक म्हणजे तिला घरातलीच वस्तू वाटायला लागली होती. आणि आज तर तिचा रुबाब काही विचारूच नका. आज ती स्वतः पडद्यावर दिसली होती.

बारामतीच्या या शाळेनं मुलांना पालकांसकट बोलावून ज्ञानेश सरांचा सिनेमा दाखवला होता. सर इथलेच, अंथुर्ण्याचे. ओळख करून देताना मुख्याध्यापक एका दमात म्हणाले होते, “प्रयोगशील कादंबरीकार, दिग्दर्शक आणि कलासमीक्षक.” सरांच्या कादंबरीत एक माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एसटीची वाट बघतो आणि एसटी येतच नाही. चित्रावर लिहायला बसले की मधल्या राजाराणीला सोडून कोपऱ्यातल्या घागरीवर पानभर लिहायचे. या सिनेमानंतर मात्र त्यांनी काहीच केलं नव्हतं. ना पुस्तक, ना सिनेमा, ना कुठल्या चित्रावर चार ओळी.

सिनेमा म्हणजे नुसता रस्ता. भवानीनगर सोडल्यावर लासुर्ण्याकडं जाणारा. कॅमेरा जागचा हलत नाही. डांबरावर मोठाले दगड पडलेत. उसाची ट्रॉली पंक्चर झाली की ड्रायव्हर चाकांना दगड लावतो, मागच्यांना कळावं म्हणून आणखी दोन-चार रस्त्यावर मांडतो. चाक बदललं की ट्रॉली कारखान्याकडं जाते आणि दगड तिथंच राहतात. हंगामात हे रोजचंच. सिनेमाभर गाड्या येतात, दगडांना वळसा घालतात, जातात. मागच्या रांगेत कुणीतरी घोरायला लागलं होतं.

आणि मग ती मोटारसायकल आली. टाकीवर पिवळ्या फ्रॉकमधली चिमुरडी, मागं टोमॅटोची पाटी मांडीवर घेतलेली आई. दगडांपाशी गाडी हळू झाली. चिमुरडीनं कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला. गाडी वळसा घालून पुढं गेली.

“अगं, ती मी! पप्पा, आपली जुनी गाडी!” स्वरदा खुर्चीवर जवळजवळ उभीच राहिली होती. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या होत्या. पप्पासुद्धा मिशीत हसले होते.

आता सर हसत नव्हते. ते तिच्याकडं टक लावून बघत होते.

“पिवळ्या फ्रॉकमधली तूच ना?”

“हो सर,” स्वरदा ऐटीत म्हणाली.

“किती मोठी झालीस.” सर खुर्चीतून पुढं झुकले. “माझी मुलगी, पूर्वी. आज तुझ्यापेक्षा बरीच मोठी असती. क्लास सुटल्यावर स्कूटीवरून घरी येत होती. दिवेलागणीची वेळ. तिला दगड दिसले नाहीत.”

हॉलमधलं हसू कुठल्या कुठं गेलं.

“तिला सावडून आलो आणि त्याच रस्त्यावर कॅमेरा लावला. दगड तसेच होते. कुणीतरी उतरेल, ते बाजूला करेल. तेवढंच घडायचं होतं सिनेमात. दिवसभर बसलो. तुमची गाडी हळू झाली, तू हात केलास. मला वाटलं, आता घडणार.”

स्वरदाच्या हातातला माईक खाली आला. तरी तिनं विचारलंच. या वेळी पैजेसाठी नाही.

“मग ते दगड?”

“अंधार पडला. मग मीच उचलले. कॅमेरा बंद केला होता तोवर.”

भेळ खायला कुणीच थांबलं नाही. सुप्रियानं नुसता स्वरदाचा दंड दाबला आणि सृष्टीबरोबर बसस्टँडकडं गेली. पप्पांनी पिकअप काढली. मागं भाजीचे रिकामे क्रेट खडखडत होते. मम्मी मध्ये, स्वरदा खिडकीशी. भवानीनगरचा कारखाना मागं पडला तेव्हा पप्पा पुटपुटले, “आपल्याला काय म्हाईत हुतं? मार्केटची घाई हुती. आन् समदेच तसं जात हुते.”

मम्मीनं पदर डोळ्यांना लावला. “पोरीनं हात केला तवा हळू केलीच हुती की तुमी. मीच म्हणलं हुतं, चला, टोमॅटो तापत्यात.”

स्वरदाला तो दिवस आठवत नव्हता. खूप ताण देऊनही नाही. दुपारचं मात्र लख्ख आठवत होतं. सिनेमाला जाताना पप्पांनी याच रस्त्यावर पिकअप सपकन बाजूला काढली होती. तिची मान हिसकली होती, आणि ती केस सारखे करत म्हणाली होती, “काय पप्पा, माझी वेणी विसकटली ना.”

दिवस मावळला होता. दिव्यांच्या उजेडात पुढं डांबरावर काळं काहीतरी दिसायला लागलं. दुपारचेच दगड. समोरून एक स्कूटी आली, दगडांच्या कडेनं डुगडुगत निघून गेली.

पप्पांचा हात सवयीनं गिअरवर गेला. गाडी हळू झाली.

“अंधार पडलाय,” मम्मी म्हणाली. “मागनं ट्रक येत्यात, बाई.”

“नुसती हळू नको, पप्पा,” स्वरदा दाराच्या कडीला हात घालत म्हणाली. “थांबवा. मी उतरणार हाय.”