टीव्हीची सबब

पडदा पुन्हा काळा झाला आणि ओमकारने कंट्रोलर गादीवर टाकला.

"बघितलंत ना ताई? ऐन वेळेला गेला. असं कोण खेळणार?"

कौसरने बघितलं होतं. व्हिडिओ गेममधल्या ओमकारच्या गड्याने मोठा फटका मारायला हात उचलला आणि त्याच क्षणी टीव्ही विझला. चित्र परत आलं तेव्हा तो गडी आडवा पडला होता आणि तिचा भाऊ नबील जिंकला होता.

"नबीलपण त्याच टीव्हीवर खेळतोय," ती म्हणाली.

"त्याचं वेगळं. पडदा काळा झाला की तोच जिंकणार. त्याला सवय आहे, आम्हाला नाय."

नबीलने हेडफोन गळ्यात उतरवला. "मग परत खेळू. तुझ्या घरी, पावसला. मला कुठेही चालेल."

"नको," कौसर म्हणाली. "इथेच खेळायचं. पुढच्या रविवारी. टीव्हीचं मी बघते."

पुण्याच्या गेमच्या स्पर्धेला रत्नागिरीतून एकच खेळाडू जाणार होता, या दोघांतला जिंकेल तो. त्या संध्याकाळपासून खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच विषय चालू झाला. नबीलला टीव्हीने जिंकवलं, घरच्या टीव्हीवर कोणीही जिंकेल. नबीलने ते मनावर घेतलं नाही. कौसरने घेतलं.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. निकाल संशयास्पद आला की तपासणी पुन्हा करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही तिथली शिस्त तिने घरी आणली. रोज कामावरून आली की ती टीव्हीसमोर बसायची. नबील खेळायचा, ती पडदा बघायची.

टीव्ही नवा होता, ईदला घेतलेला. त्यात व्हीआरआर नावाची सोय होती. कन्सोल, म्हणजे गेम चालवणारं यंत्र, ज्या वेगाने चित्रं पाठवील त्याच वेगाने टीव्हीने ती दाखवायची. जाहिरातीत हे फार छान वाटलं होतं.

आधी तिने केबल बदलली. कन्सोलला जुन्या सेटटॉप बॉक्सची केबल लावलेली होती, ती एवढी चित्रं पेलत नव्हती. नवी केबल लावल्यावर पडदा काळा पडायचा थांबला.

पण मग दुसरंच दिसायला लागलं. गुहेतली लढत सुरू झाली की अख्खं चित्र थरथरायचं. उजेड कमी व्हायचा, वाढायचा, व्होल्टेज नसताना ट्यूबलाइट करते तसं. कौसरने जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"परत?" नबीलने विचारलं.

"परत."

"राहू दे ना आपा. माझं काय अडलेलं नाय."

"त्यांचं अडतं ना. उद्या हेच कारण सांगतील."

दुकानदार म्हणाला, "एवढं कोण बघतं? बाकी कुणाची तक्रार नाही." कंपनीच्या फोनवरच्या मुलीने टीव्ही रीसेट करायला सांगितला. कौसरने केला. तिने चित्राचा उजेड कमी केला, मग वाढवला. केबल दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. थरथर होती तशीच राहिली. अम्मी दोनदा जेवायला बोलावून गेली. कौसर उठली नाही.

शेवटी तिच्या लक्षात आलं. लढत नुसती चालू असली की चित्र स्थिर असायचं. मोठा फटका बसून खेळाचा वेग मंदावला की थरथर सुटायची. कन्सोल वेग बदलत होता, टीव्ही त्याच्यामागे धावत होता आणि धावताना त्याला उजेड सांभाळता येत नव्हता. म्हणजे दोष असा कुठेच नव्हता. ती सोयच नको होती.

तिने व्हीआरआर बंद केलं. गुहेतला अंधार पहिल्यांदा शांत दिसला.

"बंद केलंस तर बटण दाबल्यावर फटका उशिरा लागेल," नबील म्हणाला. आता मात्र त्याला काळजी वाटली. "थांब, बघतो. पंखा घालव जरा."

कौसरने पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या, तरी ती हलली नाही. नबील एकच फटका पुन्हा पुन्हा मारत राहिला, मान खाली घालून, कान देऊन.

"नाय," तो म्हणाला. "जागच्या जागी आहे."

रविवारी ओमकार आला तो मोबाइलचा स्टँड घेऊनच. पडद्याचं चित्रण करायचं होतं, पुरावा म्हणून. कौसरने त्याला अडवलं नाही.

"जागा तूच निवड," ती म्हणाली. "हवं तर गुहा घे."

त्याने गुहाच घेतली.

पहिला डाव ओमकारने जिंकला. दुसरा नबीलने, तिसरा पुन्हा ओमकारने. कौसर पडद्यावरून नजर काढत नव्हती. चौथ्यात नबीलने बरोबरी केली तोवर चित्र जराही थरथरलं नव्हतं. ओमकार सुरुवातीला बडबडत होता. आता तो पुढे सरकून बसला होता, मोबाइलकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

शेवटच्या डावात दोघांचाही जीव थोडाच उरला. ओमकारने मोठा फटका सोडला. वेग मंदावला, गुहा उजळली, चित्र स्वच्छ होतं. नबीलने फटका अडवला, लगेच उलटा मारला, आणि ओमकारचा गडी खाली बसला तो उठला नाही.

मग ओमकारने मोबाइलवरचं चित्रण थांबवलं.

"आज टीव्हीचं काही नव्हतं," तो म्हणाला. "ग्रुपवर मीच टाकतो तसं. पुण्याला तूच जा."

त्याने हात पुढे केला.

नबील जागचा हलला नाही. ओमकारचा हात तसाच हवेत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"राग गेला नाय अजून?"

"कसला राग?" नबीलने विचारलं.

कौसर पुढे झाली. "नबील, त्याने हात पुढे केलाय. तुझ्या उजवीकडे."

नबीलने घाईघाईने हात पुढे करून हवेत फिरवला. ओमकारने तो दोन्ही हातांनी पकडला.

"विसरलोच बघ," तो म्हणाला. "खेळता खेळता साफ विसरलो, तुला दिसत नाय ते."