अकरा एकोणीस

"अकरा एकोनीसला लागतो आन चौतीसला सरतो. लय चांगला मुहूर्त हाय," समोरच्या फ्लॅटमधल्या मालतीबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि शांतवन साळव्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं.

करंजाड्यातल्या त्या सातव्या मजल्यावर, बंद दारासमोर, घणसोलीच्या चर्चच्या मंडळीतली वीसेक माणसं चपला काढून उभी होती. साळव्यांची मुलगी सुवार्ता आणि जावई निखिल आज नव्या घरात पाऊल ठेवणार होते. दारात प्रार्थना करायची, कुलूप उघडायचं, मग चहा-नाश्ता. ख्रिस्ती घरात एवढंच असतं. आमंत्रणावर मात्र वेळ छापली होती अकरा एकोणीस. ती वाचली तेव्हाच साळव्यांना वाटलं होतं, यात कुठेतरी पाणी मुरतंय. देवाला अकरा चालतात, साडेअकराही चालतात. ही एकोणीस मिनिटं आली कुठून?

ती जावयाकडूनच आली असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवताना त्याला त्यांनी स्वतः पाहिलं होतं. साळव्यांनी पावण्यातल्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथ चालवली, पण दसऱ्याला मशीनला हार घातला नाही की रविवारी ओव्हरटाइम केला नाही. आता मंडळीतल्याच पोरांच्या हळदीला डीजे लागतो, उपासनेला निम्मे लोक दुसऱ्या गीताला येतात, आणि पाळकसाहेब कुणाला दुखवत नाहीत. साळवे दुखवत. मंडळीने त्यांना पंच केलं ते त्यासाठीच, आणि पंच झाल्यावर त्यांना टाळू लागली तीही त्याचसाठी.

अकरा पंधराला पाळकसाहेबांनी छोटासा शास्त्रपाठ वाचून संपवला. घड्याळाकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "साळवेकाका, तुम्ही प्रार्थना करा. थोडक्यात."

"थोडक्यातच करतो," साळवे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

एकदा प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत कुणी मधे बोलत नाही. पाळकही नाही. साळव्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आकाश आणि पृथ्वीपासून सुरुवात केली.

अब्राहामापाशी पोचायलाच सात मिनिटं गेली. "प्रभू, तू त्याला नीघ म्हणालास आणि तो निघाला. कधी निघू, असं त्यानं कुणाला विचारलं नाही," असं म्हणून ते जरा थांबले, जावयाच्या कानात नीट उतरावं म्हणून. मग इस्राएली लोक तांबड्या समुद्रातून पार झाले, चाळीस वर्षं अरण्यात फिरले. तिथे निखिलने मोठ्याने "आमेन" म्हणून पाहिलं. साळव्यांनी तो आमेन सहज ओलांडला आणि आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं, देशाचे अधिकारी, सोसायटीची कमिटी असे एकेक हातात घेतले. लिफ्ट दोनदा वर येऊन गेली. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आणली, तोही आवाज त्यांनी ऐकला. वॉचमनसाठी प्रार्थना करून ते थांबले, तेव्हा अकरा त्रेचाळीस झाले होते.

साळव्यांना मनापासून बरं वाटत होतं. त्यांनी डोळे उघडून थेट जावयाकडे पाहिलं. जावई सुवार्ताकडे पाहत होता.

मालतीबाईंनी आणलेल्या खुर्चीवर सुवार्ता बसली होती. तिला सातवा महिना होता. मुठीत किल्ली गच्च धरून ती रडत होती.

"मुहूर्त निखिलने नाही काढला, पप्पा," ती म्हणाली. "मी काढला. मालतीमावशींना मीच विचारलं."

"तू?"

"घणसोलीच्या रूमवर गेलो तेव्हा तुमी प्रार्थना केली. कोपरखैरण्याच्या घरी गेलो तेव्हापण तुमीच केली. दोन्ही घरांतून मी रिकाम्या कुशीने निघाले." तिच्या आवाजात राग नव्हता. "देवावर माझा विश्वास आहे, पप्पा. पण मला भीती वाटते."

पाळकसाहेब फरशी पाहू लागले. साळव्यांकडे उत्तरं होती. बायबलच्या अध्याय आणि ओवीसकट होती, आणि ती ओठांपर्यंत आलीही. पण अठ्ठावीस मिनिटं ही पोरगी दारात भीत बसली होती, आणि तेवढा वेळ आपण मजेत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मुहूर्ताबद्दलचं त्यांचं मत तसूभरही बदललं नाही. त्यांना स्वतःची लाज मात्र वाटली.

"किल्ली दे," ते म्हणाले.

"पप्पा, आता वेळ गेली."

"गेली ना? मग मी आधी जातो. या वेळेत वाईट असं काही असलंच, तर ते आधी माझ्यावर येऊ दे."

पाळकसाहेबांनी मान वर केली. साळव्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कुलूप काढून ते एकटेच आत गेले.

बाहेर सगळ्यांना त्यांची पावलं ऐकू येत होती. हॉल, किचन, मग दोन्ही बेडरूम. बाथरूमचं दार उघडून पुन्हा लागलं. गॅलरीची काच सरकली. बऱ्याच वेळाने ते परत दारात आले.

"सगळीकडे बघून आलो. आत कुणी नाहीये. ये."

सुवार्ता उठली. उंबऱ्याशी येऊन ती थांबली, आणि पुढे आलेला डावा पाय मागे घेऊन तिने उजवा आत टाकला.

साळव्यांनी ते पाहिलं. तिचा हात धरून ते म्हणाले, "सावकाश."