सातही शाखा

पाकीट करड्या रंगाचं, जेमतेम चार मिलिमीटर जाड होतं आणि त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. नागोयात सहा वर्षं काढूनही अंबरीषला जपानी वाचता येत नव्हतं. घरी येणारा प्रत्येक कागद तो बायकोपुढे टाकायचा, तसंच त्याने हेही टाकलं. आपण गेलो तर याचं कसं होणार, एवढ्याचसाठी विभाने दूरच्या सापोरो शहरातून आलेल्या नोकरीचं उत्तर चार महिने अडवून धरलं होतं.

"वाच गं. पुन्हा कचऱ्याचे नियम बदलले वाटतं."

विभाने आतली गुळगुळीत पुस्तिका उघडली आणि प्रयोगशाळेतला अहवाल वाचावा तशा सुरात ती सांगू लागली. "एका नाइटक्लब साखळीचा तीस वर्षांचा इतिहास आहे. पहिला क्लब स्टेशनमागच्या तळघरात, नाचायला चार मुली. मग साकाए भागात दोन. आता शहरात सात शाखा, सगळ्या फक्त प्रौढांसाठी."

"जाहिरात असेल. टाक रद्दीत."

"थांब, चौदाव्या पानावर तुझा फोटो आहे. सातही शाखांत हजेरी लावणारे पहिले परदेशी सभासद, अंबरीष-सान. मालकांनी मनापासून आभार मानलेत."

अंबरीष बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागला. "अगं, क्लायंट नेतात. नाही म्हणता येत नाही इथे."

विभाने पुस्तिका मिटून त्याच्या बशीशेजारी ठेवली.



"सापोरोला मी हो कळवतेय. यापुढची पत्रं सातव्या शाखेत वाचून घे."