पाय टेकतील एवढं चाक

आसावरी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन गाडीतून उतरली, तेव्हा तिचा नवरा तिच्याच मोटरसायकलवर बसून फोटो काढून घेत होता. गॅरेजचं दार सताड उघडं. समोर त्याचा मित्र विक्रम डिजिटल कॅमेरा घेऊन वाकलेला. विक्रमची बायको शैलजा हळदकुंकवाचं तबक धरून उभी. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, पुढच्या चाकाखाली लिंबू होतं आणि ते पुढचं चाक आसावरीचं नव्हतं.

"सरप्राइज!" गिरीश म्हणाला. "ट्वेंटी-वन इंच! आम्ही सगळ्यांनी मिळून ऑर्डर केलं, तुझ्या बर्थडेसाठी. म्हटलं, पाडव्याच्या वीकएंडला बसवून टाकू."

"अख्ख्या ट्रॉय शहरात अशी बाइक नाही, वहिनी," विक्रम म्हणाला. "पुढून काय लूक आलाय यार!"

बायकोला सरप्राइज द्यायचं तर तिला काही विचारायचं नसतं, एवढी एक गोष्ट गिरीशला पक्की ठाऊक होती. हिवाळाभर तो गॅरेजमध्ये डोकावला तो कॉफी हवी का विचारायला. बाहेर मात्र सगळ्यांना सांगत होता, "आम्ही एक जुनी बाइक बांधतोय." हे 'आम्ही' म्हणजे एकटी आसावरी. सत्तर सालच्या त्या गंजक्या मोटरसायकलचं इंजिन तिने खोललं, तिनेच बसवलं. मोटरसायकलचं लायसन्सही घरात तिच्याकडेच होतं.

मूळचं पुढचं चाक एकोणीस इंची. त्यावर तिचे नुसते चवडे जमिनीला लागायचे. म्हणून तिने अठराची रिम आणली, एकेक स्पोक स्वतः बसवला आणि चाक धरणारे दोन्ही फोर्क थोडे खाली घेतले. पाय सपाट टेकल्याशिवाय ती सिग्नलला उभी राहणार नव्हती. तिला पडायची हौस नव्हती.

"फोर्कचं काय केलंत?" तिने विचारलं.

"वर केले परत," विक्रम म्हणाला. "तुमच्याकडून चुकून खाली बसले होते ना."

चुकून! आसावरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पिशव्या तिथेच जमिनीवर ठेवल्या.

"गिरीश, उतर."

"अगं थांब, एक फोटो घेऊ. तू मागे बस."

"उतर म्हणते ना."

तो उतरला. ती चढून बसली. डावा पाय खाली सोडला तर अंगठा टेकला, उजवा टेकवायला गेली तर मोटरसायकल कलली. विक्रमने धावत येऊन हँडल धरलं.

"हील्स घाल की," गिरीश हसत म्हणाला. "आणि लांब जायचं असेल तेव्हा मी चालवीन. तू मागे बस आरामात."

"लायसन्स?"

"काढेन गं, त्यात काय!"

"माझं चाक कुठंय?"

शैलजाने नुसतं ड्राइव्हवेच्या कडेला पाहिलं. अठरा इंची चाक गवतावर आडवं पडलं होतं आणि त्यावर बर्फाने आणि कोकच्या कॅन्सनी भरलेला कूलर ठेवला होता.

"गवत ओलं होतं," गिरीश म्हणाला.

हे मात्र अति झालं. आसावरीने कूलर एका झटक्यात बाजूला लोटला. तो आडवा झाला आणि कॅन्स घरंगळत थेट रस्त्यापर्यंत गेले. त्यांच्यामागे कोणी धावलं नाही. तिने चाक उचललं, आसाला धरून फिरवलं. चाक एका जागी किंचित लहरलं. काल लहरत नव्हतं. ती गॅरेजमध्ये गेली, स्पोक आवळले आणि पाना घेऊन मोटरसायकलसमोर बसली.

"आसावरी, अगं हळदकुंकू लावलंय त्या चाकाला," शैलजा कळवळून म्हणाली. "आज नको ना काढूस."

"माझ्या चाकावर कूलर ठेवलात, तेव्हा कोणाला सणवार आठवला नाही."

"सगळ्यांनी प्रेमाने आणलंय," गिरीश म्हणाला. "जरा तरी..."

"प्रेमाने आणलंत, तर मापाला कोणाला बसवलंत?"

मापाला गिरीशच बसला होता, सहा फुटांचा.

मोठं चाक निघालं. विक्रम मदतीला वाकला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो सरळ झाला. तिने फोर्क पुन्हा खाली घेतले, स्वतःचं चाक चढवलं, ब्रेक दाबून पाहिला. मग ती मोटरसायकलवर बसली. दोन्ही बूट टाचेपासून चवड्यापर्यंत सिमेंटवर सपाट टेकले. शैलजा पुढे आली, तिने लहान चाकाला हळदकुंकू लावलं आणि लिंबू उचलून त्याच्याखाली सरकवलं.

"सॉरी," गिरीश म्हणाला. तो खरंच ओशाळला होता. "चल, पहिली चक्कर दोघं मारू. मी बसतो मागे."

तो तिच्यामागे बसला. उजवा पाय हवेत चाचपडत राहिला, मग डावा. त्याने वाकून एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. फ्रेमवर दोन्हीकडे नुसता गुळगुळीत काळा रंग होता.

"अगं, मागे फूटरेस्टच नाहीयेत!"

"डिसेंबरपासून नाहीयेत," आसावरी म्हणाली आणि तिने किक मारली.