एका ओढीत

"उंदीर असणार," बापू म्हणाला. "नाहीतर भुंगा. भोक दिसलं की घर करतात लेकाचे."

मिस्त्री बापूच्या झाडं कापायच्या मशीनवर वाकला. त्याने चेनसॉचं झाकण काढलं, फिल्टर बाजूला केला आणि हवा जायच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घातला. आत काहीतरी टणक अडकलं होतं. हवाच मिळत नसेल तर मशीन सुरू होणार कशी?

दोन महिन्यांत ही पाचवी खेप. दुकानात काय काय यायचं. ट्रकखाली सापडलेला फरशी कापायचा कटर, कुत्र्याने वायर चावलेला ग्राइंडर. पण बापूच्या मशीनला होणारे रोग कुणालाच होत नव्हते. आधी ओढायची दोरी तुटली. मिस्त्रीने कपडे वाळत घालायची नायलॉनची लावली. मग पेट्रोलच्या नळीला तीन बारीक भोकं पडली. त्याने सलाईनची नळी बसवली. मग टाकीचं बूच गायब. औषधाच्या बाटलीचं बूच, आत सायकलच्या ट्यूबची चकती, एकदम फिट्ट. मग प्लगचं डोकं ठेचलेलं. भंगारातल्या मोपेडचा प्लग चालून गेला.

पहिल्या वेळी त्याला चार दिवस लागले होते. आता अर्धा तास पुरायचा. याचा त्याला भयंकर माज होता.

"माझ्या हातची मशीन एका ओढीत सुरू झाली नाही," तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "तर दुकानाला कुलूप लावून घरी भांडी घासीन."

"तुझी बायको त्याचीच वाट बघतेय," बापू म्हणायचा.

बापू झाडं छाटायचा. चाळीस वर्षं तेच. आत्ता तो उलट्या क्रेटवर चहाचा ग्लास घेऊन बसला होता. त्याची बायको दाराजवळ जुन्या टायरवर बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन. ती दर वेळी यायची. बोलायची मात्र कधीच नाही.

"उद्या शाळेमागचं निलगिरी," बापू सांगत होता. "तीन मजले उंच. दोन तरणीबांड पोरं खालूनच परत गेली. मी म्हटलं, अरे, झाडाला घट्ट मिठी मारायची असते, नवरीसारखं लाजायचं..."

तेवढ्यात मिस्त्रीने आतला गोळा उपसून काढला. हातावर घेऊन बघितला. कणीक होती. मळलेली, वाळून दगड झालेली. एका बाजूला बोटाचा ठसा उमटला होता.

"बापू, तुमच्याकडचे उंदीर कणीक मळतात की काय?"

बापू हसला नाही. मिस्त्रीने वर बघितलं.

बापूचं तोंड अर्धं उघडं होतं. डोळे उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हते. हातातला ग्लास हळूहळू कलत होता. गरम चहा गुडघ्यावर सांडत होता आणि गुडघा जरासुद्धा हलत नव्हता.

बायको उठली. तिने ग्लास काढून घेतला, रुमालाने गुडघा पुसला, बापूचं मनगट धरलं. तिचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती. थोड्या वेळाने बापूची पापणी हलली. तिने ग्लास परत त्याच्या हातात दिला आणि जाऊन टायरवर बसली. रोजचंच काम असल्यासारखी.

"...नसतं!" बापू म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसला. मग त्याने ग्लासात डोकावलं. "संपला पण? मिस्त्री, चहा तरी पोटभर पाजत जा की!"

मिस्त्रीने कणकेवरचा ठसा बघितला. मग पिशवीवरची तिची बोटं. त्याचं डोकं तिथेच अडकलं. हात मात्र थांबले नाहीत. हातांना वीस वर्षांची सवय. त्यांनी भोक खरवडलं, फुंकर मारली, फिल्टर लावला, स्क्रू आवळले. डोक्यात प्रकाश पडेपर्यंत मशीन तयार होती.

"बाहेर सुरू करून बघतो," म्हणत बापूने ती उचलली पण.

तो उंबऱ्याबाहेर पडला आणि बायको पहिल्यांदा बोलली. हळू, भराभर.

"डॉक्टरांनी चढू नका म्हणून सांगितलंय. हे म्हणतात, डॉक्टरला झाडातलं काय कळतं. परवा घास हातातच राहिला. आज सत्तावीस आकडे झाले, भाऊ. आधी दहा व्हायचे."

"वहिनी, मग मशीन लपवायची. फेकून द्यायची."

"दुसरी आणतील. ही बिघडली की निदान दुरुस्त होईपर्यंत घरी बसतात. पहिल्या वेळी चार दिवस बसले." तिने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता. "दोरी कापली, तुम्ही दुसरी लावलीत. नळीला सुई टोचली, तुम्ही नळी बदललीत. आता घरात टोचायला, ठेचायला काही उरलं नाही. एकदा, एकदाच म्हणा ना, मला जमत नाही."

मिस्त्री धावत बाहेर गेला.

"बापू, थांबा! द्या इकडे. एक काम राहिलंय. ही... ही मला जमत नाहीये."

बापूने मशीन जमिनीवर टेकवली होती, मागच्या कडीत पाय घातला होता. त्याने दोरीची मूठ धरली आणि मान वळवून डोळे मिचकावले.

"तुला जमत नाही? काय राव, चेष्टा करतोस का गरिबाची!"

त्याने दोरी ओढली.

एकदाच.