पाडायला माणूस

बिबवेवाडीच्या ज्युदो वर्गातली दुसरी मुलगी सोडून गेली आणि जरीना एकटीच उरली. निवड चाचणी दोन महिन्यांवर होती. समोरच्याच्या पायामागे पाय घालून त्याला पाठीवर पाडायचा डाव तिला अजून येत नव्हता.

"पाडायला कुणीतरी हवं," श्यामसुंदर सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिची अम्मी हुस्नबानू शिवणकाम आटोपून वर्गात आली. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. "मी पडते," ती म्हणाली.

सरांनी तिला महिनाभर फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, हात मॅटवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. मग मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या. पण जरीनाचा पाय दर वेळी अम्मीच्या पायापाशी येऊन थांबायचा.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"अम्मी आहे, सर."

"घरी उलट बोलताना नाही वाटत अम्मी आहे म्हणून," हुस्नबानू म्हणाली. "मार पाय."

जरीनाने मारला. हुस्नबानू धाडकन पाठीवर पडली. जरीनाने रडवेल्या चेहऱ्याने हात पुढे केला, पण तो न धरताच हुस्नबानू उठली. तिला धाप लागली होती आणि ती हसत होती.

"सर, महिनाभर नुसती पडतेय मी," ती म्हणाली. "हा पाय घालायचा कसा, ते आता मलाही शिकवा."